पागनीस परिवार डॉट कॉमचा मुहूर्त

वेबसाइटचा पत्ता गुरुपुष्यामृतावर घ्यायचा, असं प्रतापकाकांनी जाहीर केलं तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता. पण त्या वेळी मी जिलेबी खात होतो, आणि जिलेबी खाणाऱ्या माणसाला भविष्य दिसत नाही. दिसत असतं तर इंदूर हे ज्योतिषांचं शहर झालं असतं.

प्रतापकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झाले; मिशा झाल्या नाहीत. आम्ही पागनीस. पूर्वज होळकरांच्या पागेत घोड्यांची हजेरी घ्यायला होते. काका ही गोष्ट अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटतं, लढायांमध्ये तलवारीऐवजी हजेरीवहीच चालवली गेली. तर यंदा काकांना पंच्याहत्तर पूर्ण होणार, त्यानिमित्त पागनिसांचं कुलसंमेलन, त्याचं कार्ड, आणि कार्डावर वेबसाइट. वेबसाइट मी करायची, कारण मी आयटीत आहे. मी एका कंपनीत लोकांना फोनवर ‘एकदा बंद करून चालू करा’ असं सांगतो, पण आमच्या घरात त्यालाही आयटीच म्हणतात.

आता ही वेबसाइट सगळ्या कुळासाठी आहे असं कार्डावर छापलं होतं, पण खरं तर ती एका माणसासाठी होती. तो माणूस म्हणजे नंदूकाका, तिघांतले धाकटे, राहणार बेटमा. प्रतापकाका आणि नंदूकाका एकोणीस वर्षं बोलत नाहीत. कारण बेटम्याच्या प्लॉटचं कुंपण. कुंपण मागेच पडलं, भांडण उभं आहे. माझे बाबा मधले, आणि एकोणीस वर्षं ते मधलेच आहेत. दोघांपैकी कुणाचाही विषय निघाला की ते पंप चालू करायला जातात. प्रतापकाकांना नंदूकाका यायला हवे होते. पण फोन करणं म्हणजे हार, बेटम्याला जाऊन अक्षत देणं म्हणजे तर शरणागतीच. वेबसाइटचं तसं नाही. ती आपोआप उघडते. पहिल्याच पानावर तिघा भावांचा एका सायकलवरचा फोटो टाकायचा, नंदूने तो बघायचा आणि यायचं. कुणी कुणाला बोलावलं नाही, कुणी कुणाकडे वाकलं नाही. हे सगळं काकांनी मला सांगितलं नव्हतं. भानुकाकूंनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “नंदू भाऊजी आले नाहीत तर हे स्टेजवर बसणार नाहीत बघ. कुणाला सांगू नको.”

म्हणजे एका घराण्याचं एकोणीस वर्षांचं भांडण मिटवण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्याकडे लॅपटॉप होता तो चार्जरला लावल्याशिवाय चालत नव्हता.

मी म्हटलं, काका, नाव आत्ता मोकळं आहे, पाच मिनिटांत घेऊन टाकतो, मुहूर्तावर उद्घाटन करा. काकांनी माझ्याकडे रेकॉर्ड रूममध्ये चहा घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “घाई कशाची? आपल्याशिवाय पागनीस व्हायला जगात कोण टपून बसलंय?” मुद्दा बिनतोड होता. जगात कोण टपून बसलंय त्याचं उत्तर पोलोग्राउंडला एका बेअरिंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसलं होतं, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पंचांगात कार्ड छापायचा मुहूर्त आधी निघाला आणि डोमेन घ्यायचा नऊ दिवसांनी. त्यामुळे जो पत्ता आमचा नव्हता तो सोनेरी शाईत तीनशे कार्डांवर छापून, पहिलं कार्ड खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवूनही झालं. मधले नऊ दिवस भानुकाकूंनी पहारा दिला. गॅसवर दूध ठेवायचं, आणि तेवढ्यात मोबाइलवर कुठल्याशा फुकट साइटवर नाव टाकून बघायचं, अजून मोकळं आहे का. दूध उतू जायच्या आत उत्तर यायचं: उपलब्ध. की गॅस बंद. मग दुपारच्या चहाला एकदा, संध्याकाळी दिवा लावून एकदा. त्यांनी ते सुलोचनाआत्याला शिकवलं. आत्याने भिशीच्या ग्रुपवर टाकलं. पुष्य नक्षत्र लागेपर्यंत छत्रीबागेतल्या निम्म्या बायका दिवसातून तीनदा आमचं नाव मोकळं आहे का ते बघत होत्या. एखाद्या घराला कुलूप आहे का हे नऊ दिवस सगळ्या गल्लीने हलवून बघितलं, तर चोराच्या मनात काय येईल, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

गुरुवारी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी मुहूर्त होता. लॅपटॉप पाटावर. त्याला हळद-कुंकू, फूल, आणि काकूंनी मन लावून वाहिलेल्या अक्षता, ज्यांतली एक ‘पी’च्या खाली गेली. पागनीस आणि परिवार दोन्ही पीवरून सुरू होतात. कुंकवामुळे कर्सर फक्त डावीकडे जात होता. काका सोवळ्यात, हातात नारळ. बाबा पंपाच्या बटणाजवळ. शेजारचा मानस मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. अकरा बावन्नला मी नाव टाकून बटण दाबलं आणि स्क्रीनवर उत्तर आलं. हे नाव आधीच घेतलेलं आहे.

भीती म्हणजे काय, याचं वर्णन मी पुस्तकांत वाचलं आहे. काळजात धस्स होतं, पायाखालची जमीन सरकते वगैरे. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. माझे फक्त कान गार पडले. मी परत बघितलं. काल रात्रीच कुणीतरी घेतलं होतं. मी मान वर केली तर काकांचा नारळ वर गेलेला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. ते हसत होते. मिशांसकट.

“झालं?” त्यांनी विचारलं.

वर गेलेला नारळ परत खाली कसा आणतात ते आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, “झालं.”

नारळ एका फटक्यात फुटला. पाणी लॅपटॉपवर उडालं. ‘पी’ तेव्हापासून उत्तम चालते.

सगळे पेढे खात असताना मी गच्चीत जाऊन तो पत्ता उघडला. आमचा इरादा होता की तिथे ऐतिहासिक काहीतरी दिसावं. तिथे ठळक अक्षरांत पागनीस परिवार एवढं लिहिलं होतं आणि खाली जाहिराती होत्या. हे नाव विकणे आहे, अशी एक बारीक ओळ तळाशी. ती वाचायला भिंग लागलं असतं. रिकाम्या प्लॉटवर कब्जा करून लोक गिऱ्हाईक येईपर्यंत होर्डिंगला भाड्याने देतात, तसा प्रकार. होर्डिंगं मशीन लावतं. मशीनला ‘परिवार’ एवढंच कळलं होतं, आणि परिवाराबद्दल त्याचं जे मत होतं ते असं: वडिलोपार्जित मालमत्तेचा वाद? आजच वकिलाशी बोला. खाली: भावाने जमीन बळकावली? पहिला सल्ला मोफत. त्याच्याखाली: दुसरं लग्न, नव्याने सुरुवात. मला या मशीनच्या हुशारीचं कौतुक वाटलं असतं, पण माझे कान आता मानेपर्यंत गार झाले होते. तिघा भावांच्या सायकलच्या जागी, भावाने जमीन बळकावली. नंदूकाका हे बघणार. आणि मग ते येतील, पण वकील घेऊन.

गच्चीतून खाली आलो तर काका घरात नव्हते. काकू म्हणाल्या, ते स्वतः कुरिअरला गेलेत. बेटम्याचं कार्ड टाकायला.

मी धावलो. काका निघून गेलेले, कार्ड पोत्यात पडलेलं, पोतं मला दिसत होतं. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की पाकीट परत हवं तर भेजनेवाल्याने खुद्द यायचं, रसीद आणि आधार घेऊन. मी म्हटलं, ते माझे काका आहेत. तो म्हणाला, तर मग आणायला सोपं आहे. मी विचारलं, हे बेटम्याला कधी पोचेल? तासाभराचा तर रस्ता आहे. तो म्हणाला, शनिवारी. आधी भोपाळला जाईल, तिथे छँटाई होऊन गावागावांचे गठ्ठे लागतील, मग परत येईल. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या व्यवस्थेचा संथपणा मला देवाच्या कृपेसारखा वाटला. माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ होता.

दरम्यान, काका ती साइट बघणार नव्हते, हा एक आधार होता. उद्घाटनाआधी बघायची नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. अंतरपाट दूर व्हायच्या आधी नवरी बघत नाहीत, म्हणे. बाकीच्या कुळाला मात्र अंतरपाट नव्हता. इंदुरातली कार्डं शुक्रवारी सकाळी हातोहात वाटली गेली आणि अकरा वाजता सुलोचनाआत्याचा फोन आला. आमच्या सुजयचं एकच लग्न झालंय, तेही नीट चाललंय, मग ही दुसऱ्या लग्नाची जाहिरात कुणासाठी, असं तिने विचारलं. त्यानंतर आणखी चार फोन आले. सगळ्यांनी आधी वकिलांबद्दल विचारलं, मग आवाज खाली आणून, त्या पहिल्या मोफत सल्ल्याबद्दल. दोघांनी तर वकिलाचा नंबर लागत नाही अशी तक्रार केली. मी काकांना काही सांगू नका अशी गळ घातली. त्यांनी मला आश्वासन दिलं की प्रतापदादांशी तसंही कुणी बोलत नाही.

मानसला मात्र सांगावं लागलं, कारण त्याने व्हिडिओ झूम करून स्क्रीन वाचली होती. मानस वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे त्याला कायदे ठाऊक नाहीत, पण कायदे आहेत हे ठाऊक आहे. तो म्हणाला, “टेंशन नी लेने का भिया, नाव आपलं आहे ना? मग आपल्याकडे पुरावा आहे. होळकरांची सनद आहे ना काकांकडे?” त्याच्या मते नावाचा इतका जुना पुरावा भारतात कुणाकडे नसेल. बाबा पंपाजवळ असताना आम्ही कपाटातून सनद काढली, तिचा फोटो घेतला आणि तो डोमेनवाल्या कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्मला जोडला. फॉर्मने सांगितलं की फाइल दोन एमबीहून मोठी आहे. लहान केली. फॉर्मने विचारलं, ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक? मानसने सनदेवरच्या शिक्क्यातला आकडा टाकला. फॉर्मने विचारलं, कागदाची भाषा? यादीत मोडी नव्हती. मानसने ‘इतर’ केलं. उत्तर तत्काळ आलं. आपली तक्रार मिळाली, साठ दिवसांत कळवू. सनदेत आमच्या पूर्वजाला एका घोड्यासाठी मंजूर झालेल्या झुलीचा उल्लेख आहे, असं काका सांगतात. त्यावर कंपनी काय निर्णय घेते ते मला अजून कळायचं आहे.

मग मानस मला पोलिसांच्या सायबरवाल्यांकडे घेऊन गेला. मला पोलिसांची भीती वाटते. मी काही केलेलं नसतं तेव्हा तर जास्तच. तिथल्या साहेबांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि फार सज्जनपणे विचारलं, “क्या चोरी हुआ?”

“नाम,” मी म्हटलं.

“किसका?”

“हमारा.”

“आपके पास था?”

“नहीं. गुरुवार को लेने वाले थे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, बेटा, बुधवार को ले लेते. एवढा स्पष्ट कायदेशीर सल्ला मला त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि नाव धरून बसलेल्याला मेल केला. मला वाटलं होतं, उत्तर दूरदेशीच्या कुठल्यातरी टोळीकडून येईल. उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘हेलो निशांतजी, मैं ऋषभ. इंदौर के ही हो क्या? तो कल आ जाओ, पोलोग्राउंड.’

शनिवारी दुपारी मी गेलो. खाली बेअरिंगचं दुकान, बाजूने लोखंडी जिना, वर एक खोली. जिना चढताना पाय इतके लटपटत होते की खालच्या माणसाने वर बघून विचारलं, भिया, भूकंप हे क्या. खोलीत माझ्याच वयाचा एक मुलगा दोन कॉम्प्युटर मांडून बसला होता, आणि समोर स्टीलच्या डब्यात कोथिंबीर घातलेली साबुदाण्याची खिचडी. हा खलनायक. त्याने मला अर्धी खिचडी दिली. मी घेतली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण खिचडी चांगली होती.

मी विचारलं, पागनीस हे नाव तू का घेतलंस? तू तर पागनीस नाहीस.

“भिया, आठ दिन से ये नाम दिन में पचास-पचास बार चेक हो रिया था. मेरे पास सिस्टम हे, उसमें दिख जाता हे. मेरेको लगा कोई फाइनेंस कंपनी आ री हे. बड़ा पैसा लगाया होगा किसी ने रिसर्च में.”

“वो मेरी काकी थी,” मी म्हटलं. “दूध तापवताना.”

ऋषभने डोळे मिटले. कुठलाही व्यापारी तोटा कळल्यावर मिटतो तसे. मग त्याने एका कागदावर आकडा लिहून कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. मी तो सुलटा केला, आणि परत उलटा केला. त्या आकड्यात घोड्याला झूल आणि वर घोडाही आला असता. मग मी त्याला सगळं सांगितलं. सायकल, कुंपण, नंदूकाका, आणि भोपाळहून आजच परत निघालेलं कार्ड. ऋषभचे डोळे भरून आले. त्याचंही त्याच्या मोठ्या भावाशी बोलणं बंद होतं म्हणे, एसीच्या रिमोटवरून. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, “रेट तो यही रहेगा भिया. धंदा हे. पर एक काम फ्री में कर देता हूँ. ये वकील वाले ऐड हटा देता हूँ. बोलो, क्या लगाऊँ?”

त्याने यादी उघडली. शेती, आरोग्य, शिक्षण, धार्मिक कार्य. मी निर्धोक वाटेल असं काहीतरी शोधत होतो. शेती लावली तर नंदूकाकांना जमीन आठवणार. आरोग्य लावलं तर त्यात काय काय येईल सांगता येत नव्हतं. मी बोट ठेवलं धार्मिक कार्यावर. लगेच उदबत्तीची जाहिरात आली, तिच्याखाली पितळेची समई, आणि पूजेचं साहित्य घरपोच. पागनीस परिवार, खाली समई. एवढं सुंदर पान मीसुद्धा केलं नसतं. मी ऋषभला मिठी मारली आणि जिना ताठ पायांनी उतरलो.

शनिवारी संध्याकाळी मला एका अनोळखी नंबरवरून सात मिस्ड कॉल आले. मला वाटलं, दुसऱ्या लग्नवालं कुणीतरी असेल. तीन दिवसांत पहिल्यांदा निवांत वाटत होतं, ते मला मोडायचं नव्हतं. मी फोन उलटा ठेवला.

रविवारी सकाळी काकांकडे पोहे होते. मी काकांच्या शेजारी बसून शेव घालत असताना सहज साइट उघडली, समई बघायला. समई नव्हती. मशीनने शनिवारची उरलेली दुपार धार्मिक कार्यावर विचार केला होता, आणि परिवार आणि धार्मिक कार्य यांचा मेळ घालून ते एका निष्कर्षावर आलं होतं. पागनीस परिवार, आणि खाली: अंत्ययात्रेचं संपूर्ण साहित्य, चोवीस तास, इंदुरात कुठेही. अस्थिविसर्जन, नर्मदेपर्यंत एसी गाडी. तेराव्याचा स्वयंपाक, शुद्ध तुपात.

मी ऋषभला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. काका म्हणाले, कुणाला लावतोयस एवढं, खा आधी. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका बाईच्या रडण्याचा.

मी खिडकीत गेलो. बेटम्याची तूफान होती, डझनभर माणसं बसतात ती जीप. तिच्यातून माणसं उतरत होती, संपतच नव्हती, आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत. पुढे बेबीकाकू, म्हणजे नंदूकाकांच्या मिसेस, पदर तोंडाला लावून, आणि त्यांचा आवाज पहिल्यापासूनच दमदार. मागे दोघांच्या आधाराने नंदूकाका. एकोणीस वर्षांत त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. खांद्यावर पांढरा गमछा, पायात चपला नाहीत. ते नुसते घराकडे बघत चालत होते.

गल्लीत दारं उघडली. कुणी काही विचारत नव्हतं, बेबीकाकूंचा आवाज पुरेसा होता. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. मानस दात घासत बाहेर आला, बघितलं, तसाच आत गेला आणि शर्ट घालून हात जोडून उभा राहिला. व्हिडिओ त्यानेच काढला होता, पेढेही खाल्ले होते; तरी काका खरंच गेले का, हे बघायला त्याला एकदाही आमच्या घरात डोकवावंसं वाटलं नाही. दोन म्हातारे आमच्या ओट्यावर येऊन बसलेसुद्धा, आणि त्यांतला एक दुसऱ्याला सांगत होता, माणूस चांगला होता, फक्त बोलायला कडक.

मला वाटलं आपण पळावं. मागच्या दाराने, पंपाच्या बाजूने. पण पंपाजवळ बाबा होते. माझ्या एका ‘झालं’मुळे एक धडधाकट माणूस सगळ्या गल्लीपुरता वारला होता.

माझ्या शेजारून काका बाहेर गेले. हातात पोह्यांची बशी. दारात उभे राहून त्यांनी गर्दीवर नजर फिरवली, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि दुखवट्याच्या घरी विचारावं तशा हळू आवाजात म्हणाले, “कोण गेलं?”

बेबीकाकूंचं रडणं मध्येच थांबलं, टेप अडकावी तसं. ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. नंदूकाकांनी दोघांचे हात सोडले. ते बराच वेळ काकांकडे बघत राहिले. आधी चेहऱ्याकडे, मग बशीकडे.

“तू,” ते म्हणाले.

एकोणीस वर्षांनी हा पहिला शब्द.

काकांनी चमचा बशीत ठेवला. “केव्हा?”

“काल. साइटवर होतं.”

“कुणी टाकलं?”

आणि मग गल्लीतली सगळी डोकी खिडकीकडे वळली. मला खात्री आहे की फाशी जाणाऱ्या माणसालाही एवढे लोक बघायला येत नाहीत, आणि आले तरी त्यातले निम्मे त्याचे नातेवाईक नसतात.

मी बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. नारळापासून. फुकट साइटचा उल्लेख आला तेव्हा भानुकाकू आत निघून गेल्या, आणि मिस्ड कॉलपाशी आलो तेव्हा बेबीकाकू म्हणाल्या, “सात बार लावला मी. सात बार.” माझं संपलं. मी वाट बघत उभा राहिलो. प्रतापकाकांच्या मिशा थरथरत होत्या. नंदूकाकांच्या हातातला गमछा पिळून पिळून दोरी झाला होता, आणि एवढ्या दोरीचं माझ्या मानेला काय होऊ शकेल याचा मी अंदाज घेत होतो.

“दाखव,” प्रतापकाका म्हणाले.

मी मोबाइल दिला. काकांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. नंदूकाका दोन पायऱ्या चढून आले आणि त्यांच्या खांद्यावरून बघू लागले. वाचता वाचता दोघांची डोकी एकमेकांना टेकली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

“नर्मदेपर्यंत एसी गाडी,” प्रतापकाका म्हणाले. “कशाला? मला एसी सोसत नाही.”

“अरे लुटताहेत,” नंदूकाका म्हणाले. “आपली तूफान आहे ना. मी नेतो तुला.”

“तू नेशील?”

“नी तर कोण नेईल? हा मधला?”

बाबा पंपाजवळून पुढे आले होते. ते मागे वळले आणि त्यांनी पंप बंद केला.

काकांनी बशी नंदूकाकांच्या हातात दिली. नंदूकाका ओट्यावर बसले आणि त्यांनी एक चमचा पोहे तोंडात घातले. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि मला वाटलं पोह्यांत मीठ जास्त झालं असेल. तसं नव्हतं. ते काकांचा हात धरून लहान मुलासारखे रडायला लागले. “कुंपण गेलं खड्ड्यात रे,” असं काहीसं ते म्हणत होते. आता बेबीकाकूंनी परत सुरुवात केली, तेव्हा गल्लीतही पुष्कळ जण रडले. ओट्यावरचे दोन म्हातारे तर इतके रडले की त्यांच्यासाठी वेगळे पोहे आणावे लागले. सगळ्यांसाठीच आणावे लागले. भानुकाकूंनी दोन किलो जिलेबी मागवली, आणि गिरणीवाल्याने गिरणी चालू केली.

याच गर्दीत माझा फोन वाजला. ऋषभ. आवाज घाबरलेला. “भिया, मम्मी ने देख लिया वो पेज. बहुत डाँटा. के री हे अपशगुन का पैसा नी चइये, जिसका नाम हे उसको दे दे, ऐसे ही, फ्री में. अभी ट्रांसफर कर दूँ?”

माझे तीन दिवस गार असलेले कान एकदम गरम झाले. मी ओरडूनच सांगितलं, काका, नाव मिळतंय. फुकट. आत्ता, या मिनिटाला आपलं होतंय. फोटो लावतो, सायकल लावतो, तुम्ही म्हणाल ते लावतो.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते. प्रतापकाका काहीतरी पुटपुटले, नंदूकाकांनी मान हलवली. मला ते बघवेना. साठ वर्षांपूर्वी हे दोघे असेच बघायचे आणि मग माझ्या बाबांच्या चपला विहिरीत सापडायच्या, असं आजी सांगायची.

“त्या मुलाला म्हणावं, महिनाभर राहू दे तसंच,” काका म्हणाले. “संमेलनापर्यंत हात लावू नकोस.”

“तसंच म्हणजे? हे अंत्ययात्रेचं?”

“तेच.” काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “ग्वाल्हेरला आपली एक शाखा आहे. चार पिढ्यांपूर्वी शिंद्यांच्या चाकरीत गेली, तेव्हापासून येणं-जाणं नाही. साठ-सत्तर माणसं असतील. नंदू, त्यांचा पत्ता आहे का रे तुझ्याकडे?”

“शोधतो,” नंदूकाका म्हणाले आणि डोळे पुसले. “त्यांच्यातला एक सोयाबीन घ्यायला येतो मंडीत.”

मी म्हटलं, काका, साठ-सत्तर माणसं ग्वाल्हेरहून पांढऱ्या कपड्यांत येतील.

“येऊ देत ना,” काका म्हणाले. “तू कार्ड पाठव. आणि ऐक, माझ्या तब्येतीबद्दल त्यात एक अक्षर लिहू नकोस.”